सदृशीकरण, संगणकीय

एखाद्या प्रत्यक्ष प्रक्रियेचे नियम गणिताच्या भाषेत मांडून व ते संगणकाकडून पायरीपायरीने राबवून, त्या प्रक्रियेचा काळाबरोबर होणारा प्रवास कृत्रिम रीत्या घडवून पाहण्याची पद्धती म्हणजे संगणकीय सदृशीकरण होय. इंग्रजीत हिला सिम्युलेशन म्हणतात. प्रतिमान आणि सदृशीकरण या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. तथापि त्यांत भेद आहे. प्रतिमान म्हणजे प्रक्रियेविषयी स्वीकारलेल्या नियमांचा संच, तर सदृशीकरण म्हणजे तो संच विशिष्ट परिस्थितीत चालवून पाहणे. एकाच प्रतिमानावरून शेकडो सदृशीकरणे करता येतात.

जेथे प्रत्यक्ष प्रयोग अशक्य, धोक्याचा किंवा फार खर्चाचा असतो, तेथे या पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो. भरलेले धरण भूकंपात किती टिकेल हे पाहण्यासाठी ते हलवून पाहता येत नाही. एखाद्या वर्षीचा पावसाळा दोनदा घडवता येत नाही. अणुभट्टीतील साखळी प्रक्रिया हाताबाहेर जाऊ देऊन तिचा अभ्यास करता येत नाही. अशा ठिकाणी आकड्यांवर केलेला प्रयोग प्रत्यक्ष प्रयोगाची जागा घेतो. तो विश्वासार्ह आहे की नाही, हे मात्र प्रत्यक्षातील मोजमापांशी ताडूनच ठरवावे लागते. महाराष्ट्रातील या विषयाचा इतिहास पाहता हे विशेष स्पष्ट होते.

मूलघटक : नागपूरपासून सु. ६० किमी. अंतरावरील काटोल परिसर संत्र्याच्या बगीच्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका बगीच्याच्या उदाहरणावरून सदृशीकरणाचे सर्व मूलघटक समजून घेता येतात. मृग बहार धरण्यासाठी बागायतदार उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. यास ताण देणे म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी जमीन भिजली की, ताण तुटून झाडे फुलतात. पाऊस फार लांबला, तर झाडे सुकू लागतात. वळवाच्या सरींनी ताण अवेळी तुटला, तर बहार कमी येतो. म्हणून मुळांच्या थरात कोणत्या दिवशी किती पाणी उरले आहे, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नासाठी प्रथम प्रणालीची मर्यादा ठरवावी लागते. येथे मुळांचा थर ही प्रणाली असून आकाश, विहीर आणि खालचा खडक तिच्या बाहेर आहेत. थरातील उपलब्ध पाणी हा अवस्थादर्शक चल होय. समजा, तो थर जास्तीत जास्त १५० मिमी. पाणी धरू शकतो व पूर्ण ओल असताना झाडे आणि जमीन मिळून रोज ८ मिमी. पाणी हवेत सोडतात. या दोन स्थिर राशींना प्राचल म्हणतात. ओल कमी होईल त्या प्रमाणात हा ऱ्हासही कमी होतो, हा प्रक्रियेचा नियम होय. पहिल्या दिवशी ६० मिमी. पाणी आहे, ही प्रारंभिक अट. त्यानंतर रोज पडणारा पाऊस व दिलेले पाणी या सीमा-अटी. कालगणनेची पायरी एक दिवसाची धरली, तर उद्याचे पाणी म्हणजे आजचे पाणी अधिक पाऊस उणे ऱ्हास, हे एकच गणितकृत्य रोज करावयाचे असते. १५० मिमी.पेक्षा जास्त झालेले पाणी वाहून गेले असे मानतात.

पाऊस पडला नाही, तर पहिल्या दिवशी ८ × ६०/१५० = ३·२ मिमी. पाणी जाते व ५६·८ मिमी. उरते, दुसऱ्या दिवसाअखेर ५३·८ मिमी. आणि दहाव्या दिवसाअखेर सु. ३४·७ मिमी. उरते. हीच आकडेमोड दहा दिवसांची एकच पायरी घेऊन केली, तर ३२ मिमी. पाणी गेले असे येऊन केवळ २८ मिमी. उरते. नियम, प्राचल आणि प्रारंभिक अट तीच असताना उत्तर बदलले, कारण मोठ्या पायरीत ऱ्हास हळूहळू मंदावण्यास अवसर मिळाला नाही. काल अखंड मानून काढलेले उत्तर सु. ३५·२ मिमी. येते. अखंड प्रक्रिया तुटक पायऱ्यांनी मांडल्यामुळे येणाऱ्या या दोषास खंडीकरणाचा दोष म्हणतात. पायरी लहान केल्यास तो घटतो, पण गणितकृत्यांची संख्या वाढते. संगणकाच्या वाढत्या वेगाची गरज पुष्कळ अंशी येथूनच उद्‌भवते.

यानंतरचा घटक परीक्षणाचा होय. तो दुहेरी असतो. आज्ञावली नियमांप्रमाणे अचूक आकडेमोड करते की नाही हे पाहणे म्हणजे पडताळणी आणि ते नियम मुळात प्रत्यक्षाशी जुळतात की नाही हे पाहणे म्हणजे प्रमाणन. वरील उदाहरणात पडताळणी कागदावरही करता येते. प्रमाणनासाठी मात्र काटोलच्या जमिनीत खड्डा घेऊन ओल मोजावी लागते. प्राचलांच्या किंमती मोजमापांशी जुळेपर्यंत बदलत नेण्यास अंशशोधन म्हणतात. ज्या नोंदींवरून अंशशोधन केले, त्याच नोंदी पुन्हा प्रमाणनासाठी वापरल्या तर प्रतिमान खरे असल्याचा केवळ भास होतो. या कारणाने जाणकार अभ्यासक काही वर्षांच्या नोंदी मुद्दाम बाजूस ठेवतात.

संगणकपूर्व काळ : प्रक्रियेची प्रतिकृती करून तिचा अभ्यास करण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान प्रतिकृती पाण्यात ओढून जहाजांना होणारा रोध मोजला. ऑझ्बर्न रेनल्ड्स यांनी १८८५ च्या सुमारास मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती तयार करून गाळाचा अभ्यास केला. महाराष्ट्रात या परंपरेचा आरंभ १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचन संशोधन शाखेने झाला. पुण्याजवळ खडकवासला येथे विस्तारलेली ही शाखा म्हणजेच आजचे केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र होय. सर क्लॉड इंग्लिस यांच्या कारकीर्दीत तेथील नद्यांच्या प्रतिकृतींवरील प्रयोगांना मोठी प्रतिष्ठा लाभली.

अशा प्रतिकृतींतही वरील सर्व घटक असतात. फक्त गणिताचे काम प्रत्यक्ष पाणीच करते. फ्रूड यांच्या नियमानुसार प्रतिकृतीची लांबी मूळच्या एकशतांश असेल, तर पाण्याचा वेग एकदशांश होतो आणि प्रत्यक्षातील दहा तासांचा पूर प्रतिकृतीत एका तासात उरकतो. तथापि पाण्याची श्यानता (चिकटपणा) आणि वाळूच्या कणांचा आकार त्या प्रमाणात लहान करता येत नाहीत. हा मापप्रमाणाचा दोष प्रतिकृतींच्या पद्धतीला जन्मजात आहे. पुढे खडकवासला येथे संगणकीय प्रतिमानांचा वापर सुरू झाला, तरी प्रतिकृती बाजूस टाकल्या गेल्या नाहीत. भरती-ओहोटीसारखे विस्तृत प्रवाह संगणकावर आणि सांडव्याखालील खळबळीसारखे गुंतागुंतीचे प्रवाह प्रतिकृतीत अभ्यासणे सोयीचे ठरते.

केवळ आकड्यांनी निसर्गप्रक्रिया घडवून पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न लूइस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केला. २० मे १९१० या दिवशीच्या यूरोपातील हवामानाच्या नोंदी घेऊन त्याने पुढील सहा तासांतील वायुदाबाचा बदल हाताने गणिला. उत्तर १४५ मिलिबार आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात रिचर्डसनने ही चूक लपविली नाही. त्याची समीकरणे बरोबर होती, दोष प्रारंभिक नोंदींतील असमतोलात होता, हे पुढे सिद्ध झाले. पीटर लिंच यांनी त्या नोंदी योग्य रीतीने सम करून तीच आकडेमोड केली, तेव्हा उत्तर वाजवी आले. नियम बिनचूक असूनही सुरुवातीचे आकडे बिघडले तर सारे सदृशीकरण बिघडते, हा धडा या प्रसंगातून मिळाला.

संगणकाचा उदय : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील एनिॲक या इलेक्ट्रॉनीय संगणकावर १९५० मध्ये जूल चार्नी, रॅग्नार फ्योर्टोफ्ट व जॉन फोन नॉयमान यांनी हवामानाचे पहिले यशस्वी संगणकीय अंदाज वर्तविले. त्यांच्या जालकातील लगतच्या बिंदूंमधील अंतर सु. ७०० किमी. होते व चोवीस तासांच्या अंदाजास जवळजवळ चोवीस तासच लागत होते.

भारतात संगणकाची घडण करण्याचा आरंभीचा प्रयत्न मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण अभियंत्यांनी १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र चालू केले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित केला. १९६२ मध्ये त्यास टिफ्रॅक हे नाव देण्यात आले. त्याच्या फेराइट गाभ्यांच्या स्मृतीत ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी-३६०० हा अमेरिकन संगणक बसविण्यात आला व देशभरातील संशोधकांना मोठ्या आकडेमोडीची सोय प्रथमच उपलब्ध झाली.

पद्धती : सदृशीकरणाच्या पद्धतींचे वर्गीकरण अनेक प्रकारे करतात. महत्त्वाच्या चार पद्धती पुढीलप्रमाणे होत.

(१) यदृच्छ पद्धती : ज्या प्रक्रियेत दैवाचा भाग असतो, तीत संगणकाने निर्मिलेल्या यदृच्छ संख्यांच्या साहाय्याने तोच भाग पुन:पुन्हा घडवितात. स्टानिस्लाफ उलाम व फोन नॉयमान यांनी १९४६-४७ मध्ये लॉस ॲलॅमॉस येथे न्यूट्रॉनांच्या प्रवासासाठी ही पद्धती विकसित केली. जुगारगृहाबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहरावरून तिला माँटे कार्लो पद्धती हे नाव पडले. न्यूट्रॉनाची टक्कर कोठे होईल, तो शोषला जाईल की भंजन घडवील, हे प्रत्येक वेळी संभाव्यतेनुसार ठरवून लक्षावधी न्यूट्रॉनांच्या कहाण्या मांडतात व त्यांची सरासरी घेतात. अणुभट्ट्यांच्या अभिकल्पात (आराखड्यात) ही पद्धती मूलभूत मानली जाते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा व इतर मोठ्या आकडेमोडींसाठी १९९१ पासून अनुपम ही समांतर संगणकांची मालिका स्वतःच उभारली.

पावसालाही ही पद्धती लागू करता येते. आज पाऊस पडला असता उद्या पडण्याची आणि आज कोरडा दिवस असता उद्या पडण्याची अशा दोन संभाव्यता नोंदींवरून काढल्या म्हणजे कोरड्या-ओल्या दिवसांचा कृत्रिम क्रम तयार होतो. गेब्रियल व नॉयमान यांनी १९६२ मध्ये तेल अवीव येथील पावसासाठी हे दाखवून दिले. असे एक हजार कृत्रिम जून महिने काटोलच्या बगीच्याच्या उदाहरणात घातल्यास, पाणी धोक्याच्या पातळीखाली जाण्याची शक्यता किती, हे सांगता येते. या पद्धतीतील दोष पुनरावृत्तींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अचूकता दुप्पट हवी असल्यास काम चौपट करावे लागते.

(२) घटनाधिष्ठित पद्धती : बाजार समितीच्या वजनकाट्यावर येणाऱ्या गाड्या, बंदरात लागणारी जहाजे किंवा कारखान्यातील यंत्रांपुढील माल यांच्या बाबतीत अवस्था सतत बदलत नाही, गाडी आली किंवा वजन होऊन गेली अशा घटनेच्या क्षणीच बदलते. म्हणून येथे घड्याळ समान पायऱ्यांनी न चालवता एका घटनेवरून पुढच्या घटनेवर नेतात. घटनांची कालानुक्रमी यादी, रांग आणि सेवास्थान हे या पद्धतीचे खास घटक होत. तिच्यासाठी जेफ्री गॉर्डन यांनी १९६१ च्या सुमारास जीपीएसएस व नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात सिम्युला या आज्ञाभाषा निर्माण केल्या.

(३) सांत घटक पद्धती : धरण, पूल किंवा इमारत यांसारख्या अखंड वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पून, प्रत्येक तुकड्याचे सोपे नियम एकत्र जोडून संपूर्ण वस्तूचे वर्तन काढण्याची ही पद्धती होय. तिला हे नाव बर्कली येथील रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. तिचे सामर्थ्य ज्या घटनांतून सिद्ध झाले, त्यांत कोयना धरणाला बसलेल्या भूकंपाच्या धक्क्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात असे. त्यानुसार १०३ मी. उंचीच्या कोयना धरणाच्या अभिकल्पात भूकंपाची प्रेरणा धरणाच्या वजनाच्या केवळ पाच शतांश धरली होती व ती सर्व उंचीवर सारखीच मानली होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६·३ महत्तेचा भूकंप झाला. सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली व कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण फुटले नाही. मात्र सांडवा नसलेल्या भागातील अनेक खंडांना दोन्ही बाजूंनी आडव्या भेगा पडल्या. या भेगा पायाजवळ नव्हत्या. अनुप्रवाही बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो, त्या पातळीच्या आसपास त्या पडल्या होत्या.

धरणातील गॅलरीत बसविलेल्या प्रवेगलेखकाने हा भूकंप नोंदविला. गुरुत्वीय प्रवेगाच्या प्रमाणात मोजता धरणाच्या लांबीच्या दिशेने ०·६३, प्रवाहाच्या दिशेने ०·४९ व उभ्या दिशेने ०·३४ एवढा महत्तम प्रवेग आढळला. बर्कली येथील अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धरणाच्या छेदाचे सांत घटकांत विभाजन केले व ही नोंद सीमा-अट म्हणून वापरून, क्षणाक्षणाला निर्माण होणारी प्रतिबले संगणकावर काढली. काँक्रीटच्या ताणबलापेक्षा पुष्कळ अधिक ताण उतार बदलण्याच्या पातळीजवळच येतो, असे त्यात आढळले. म्हणजे प्रत्यक्ष भेगा जेथे पडल्या होत्या, तेच स्थान गणिताने दाखविले.

जुनी अभिकल्प पद्धती येथे अपुरी का पडली, हेही यावरून कळले. तीत धरण दगडासारखे अविचल मानून ते जमिनीबरोबर अखंड हलते असे गृहीत धरले जाई. वास्तविक धरण लवचिक असते. जमिनीत रोवलेला बांबू हलविला असता त्याचे टोक जसे बुंध्यापेक्षा अधिक झुलते, तसा धरणाचा वरचा भाग अधिक हलतो. आकडेमोड पूर्वीच्या पद्धतीतही बिनचूक होती. गृहीतक चुकीचे होते. भूकंपानंतर या भागास अनुप्रवाही बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन धरण बळकट करण्यात आले.

१९७३ च्या सदृशीकरणाचीही मर्यादा होती. काँक्रीट न तडकता लवचिकच राहते असे त्यात मानल्यामुळे भेग कोठे सुरू होईल हे समजले, पण ती कोठवर जाईल हे समजले नाही. भेगेचा प्रवास दर्शविणारी प्रतिमाने पुढील दशकांत तयार झाली आणि त्यांतील बहुतेकांची कसोटी कोयनेवरच घेण्यात आली. भूकंपाची नोंद आणि भेगांची पाहणी या दोन्ही गोष्टी एकत्र उपलब्ध असलेली मोठी काँक्रीट धरणे जगात फार थोडी आहेत. त्यामुळे धरणांच्या सदृशीकरणाची नवी आज्ञावली तयार झाली की, तिने प्रथम कोयनेच्या भेगा बरोबर दाखवाव्यात, अशी प्रथाच पडली. एका प्रवेगलेखकाच्या काही सेकंदांच्या नोंदीला हे मोल आले.

(४) जालक पद्धती : वातावरण किंवा समुद्र यांसारख्या विस्तृत प्रवाही माध्यमावर काल्पनिक जाळे पसरून, प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, वारा व आर्द्रता यांतील बदल गतिकी आणि ऊष्मागतिकी यांच्या समीकरणांनी काढतात. जालक बारीक केले की कालाची पायरीही लहान करावी लागते. अन्यथा आकडे बेफाम वाढत जातात. ही अट कूरांट, फ्रीड्रिख्स व लेवी यांनी १९२८ मध्ये सिद्ध केली. चौकटीची बाजू निम्मी केल्यास चौकटी चौपट व पायऱ्या दुप्पट होऊन काम सु. आठपट वाढते.

मॉन्सूनचा हंगामी अंदाज भारतात दीर्घकाळ सांख्यिकीय पद्धतीने वर्तविला जात होता. त्यात प्रक्रियेचे अनुकरण नसते. मागील वर्षांत पावसाशी निगडित दिसलेल्या राशींवरून पुढील पाऊस काढतात. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेले सोळा घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात आले. २००२ मध्ये त्याने दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पाऊस वर्तविला. प्रत्यक्षात ८१ टक्के पडला आणि जुलै महिना देशभर जवळजवळ निम्मा कोरडा गेला. पुढील वर्षी हवामानशास्त्र विभागाने नवी प्रतिमाने स्वीकारली. त्या वर्षीचा दुष्काळ परदेशांतील गतिकीय प्रतिमानांनाही आधी हेरता आला नव्हता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. भूतकाळाशी उत्तम जुळणारे प्रतिमान भविष्यात टिकेलच असे नाही, हे त्या वर्षाने दाखविले.

गतिकीय सदृशीकरणाला लागणाऱ्या संगणकशक्तीच्या बाबतीत पुण्याने महत्त्वाची कामगिरी केली. महासंगणक आयात करण्यात येणाऱ्या अडचणींच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याचे संस्थापक संचालक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथील असून त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण नागपूरला झाले. एकाच अतिवेगवान प्रक्रियकाऐवजी अनेक साधे प्रक्रियक एकाच वेळी कामाला लावण्याचा मार्ग या केंद्राने निवडला व १९९१ मध्ये परम-८००० हा संगणक तयार केला. जालकातील प्रत्येक चौकटीचा व्यवहार मुख्यतः शेजारच्या चौकटींशीच असल्याने जालकाचे भाग निरनिराळ्या प्रक्रियकांना वाटून देता येतात. म्हणून ही रचना अशा कामास साजेशी ठरली.

पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मॉन्सून मोहिमेत तिने वातावरण व महासागर यांचे संयुक्त असे अमेरिकन प्रतिमान भारतीय परिस्थितीसाठी सुधारण्याचे काम हाती घेतले. जालक सु. ३८ किमी. पर्यंत बारीक करण्यात आले. काही दिवसांच्या अंदाजासाठी २०१८ मध्ये सु. १२ किमी. जालकाची सामूहिक पद्धती सुरू झाली. तीत प्रारंभिक नोंदींत किंचित फरक करून एकूण २१ सदृशीकरणे चालवितात व त्यांच्या विखुरण्यावरून अंदाजाची खात्री ठरवितात. सुरुवातीचा सूक्ष्म फरक पुढे मोठा होतो, हे एडवर्ड लोरेन्ट्‌स यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले होते. संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष आणि २०२४ मध्ये अर्क हे महासंगणक बसविण्यात आले. अर्कची क्षमता ११·७७ पेटाफ्लॉप आहे. मे २०२५ मध्ये ६ किमी. जालकाची भारत अंदाज प्रणाली कार्यान्वित झाली.

काटोलच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. ३८ किमी. बाजूची चौकट १,४४४ चौ. किमी. क्षेत्र व्यापते, काटोल आणि सभोवारची कित्येक गावे यांना मिळून पावसाचा एकच आकडा मिळतो. १२ किमी.ची चौकट १४४ चौ. किमी.ची व ६ किमी.ची केवळ ३६ चौ. किमी.ची असते. तथापि जालकाच्या बाजूच्या चार-सहा पटींहून लहान घडामोडी प्रतिमानात नीट उमटत नाहीत. संत्र्याचा बहार झोडपणारी गारपीट काही किलोमीटर व्यासाच्या एकाच मेघातून होऊ शकते; तिचे नेमके गाव आदल्या दिवशी सांगणे अद्याप अवघड आहे. जालकापेक्षा लहान मेघांचा परिणाम समीकरणांनी न काढता स्थूल नियमांनी धरतात. यास प्राचलीकरण म्हणतात व प्रतिमानांतील अनिश्चिततेचा मोठा भाग तेथेच असतो.

हवामानाच्या पुढची पायरी पीकवाढीच्या सदृशीकरणाची होय. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील संशोधकांनी इन्फोक्रॉप या भारतीय प्रतिमानाचा कापसासाठी उपयोग केला आहे. एका हंगामात संपणाऱ्या पिकांच्या मानाने संत्र्यासारख्या बहुवार्षिक झाडाचे प्रतिमान कठीण असते. कारण यंदाचा बहार गतवर्षीचे उत्पादन, दिलेला ताण व झाडाचे वय यांवरही अवलंबून असतो. म्हणजे प्रारंभिक अटीत झाडाचा पूर्वेतिहास यावा लागतो आणि तो क्वचितच लिहून ठेवलेला असतो.

मर्यादा : सदृशीकरणाचे उत्तर रंगीत नकाशांच्या व अनेक दशांश स्थळांच्या रूपाने मिळत असल्यामुळे ते मोजमापाइतकेच खरे आहे, असा समज होतो. हा समज चुकीचा आहे. संगणक नियमांचे परिणाम काढून देतो, नियमांची सत्यता ठरवीत नाही. रिचर्डसनच्या बाबतीत प्रारंभिक नोंदी चुकल्या, कोयनेच्या मूळ अभिकल्पात गृहीतक चुकले आणि २००२ च्या अंदाजात भूतकाळातील संबंध पुढेही टिकतील हा विश्वास चुकला. तीनही ठिकाणी आकडेमोड बिनचूक होती. चूक उघडकीस आली ती वायुदाबमापक, भेगांची पाहणी आणि पर्जन्यमापक यांच्या नोंदींमुळे. म्हणून संगणकाची क्षमता वाढविताना पर्जन्यमापकांचे जाळे, जमिनीतील ओलीची मोजमापे, धरणांतील उपकरणे व त्यांच्या अखंड नोंदी यांवर होणारा खर्चही सदृशीकरणाचाच भाग समजावा लागतो. ज्या तालुक्यात पाऊस एकाच ठिकाणी मोजला जातो, तेथे ६ किमी. जालकाचा अंदाज खरा ठरला की खोटा, हे तपासण्याचे साधनच अपुरे राहते.